फ्रीझर गार, खालचा कप्पा कोमट: पार्ट शोधण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वर फ्रीझर असलेला दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, वय बारा वर्षं. वर बर्फ होतो, पण खालचा कप्पा कोमट राहतो आणि तिथल्या वस्तू खराब होतात. एक मेकॅनिक म्हणाला गॅस भरा, दुसरा म्हणाला टायमर (ठरावीक वेळी कॉइलवरचा बर्फ वितळवायला लावणारं घड्याळ) बदला. मॉडेल बंद झालंय, तेव्हा टायमर कुठून मिळवायचा आणि यापुढे घरच्या घरी देखभाल कशी ठेवायची, हे तुम्ही विचारलं आहे.

घरगुती फ्रीज दुरुस्त करण्यातच माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि नेमकी हीच तक्रार माझ्याकडे सतत येते. पार्ट न मिळण्याने अडलेले फ्रीज मी कमी पाहिले. कोणता पार्ट गेलाय हे ठरण्याआधीच पार्टच्या मागे लागल्यामुळे अडलेले फार पाहिले. तुमच्याकडे येऊन गेलेल्या दोघांपैकी कुणी फ्रीझरच्या आतलं मागचं पॅनेल उघडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ते उघडल्याशिवाय या तक्रारीचं पक्कं निदान होणं कठीण. त्यामुळे टायमर आणि गॅस दोन्ही आत्ता बाजूला ठेवा.

काही गोष्टी तुमच्या फ्रीजवरच अवलंबून आहेत. बारा वर्षं जुन्या मॉडेलात साधा फिरणारा टायमर असेल किंवा सर्किट बोर्ड आणि सेन्सर असतील. कॉम्प्रेसर साधा असेल किंवा इन्व्हर्टर (बोर्डवरून वेग कमीजास्त होणारा). गॅस आर-१३४ए असेल किंवा आर-६००ए. कॉम्प्रेसर आणि गॅस यांची उत्तरं फ्रीजच्या प्लेटवर आणि कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर मिळतात, टायमर की बोर्ड हे पूर्ण मॉडेल नंबरवरून कळतं. मी दोन्ही शक्यता धरून लिहितो, तुमच्या फ्रीजला लागू असेल ते घ्या.

आधी हा फ्रीज गार कसा करतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. अशा बहुतेक फ्रीजमध्ये कूलिंग कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड बसवलेली असते. तिच्याजवळ एक छोटा पंखा असतो. तो कॉइलवरची गार हवा बरीचशी फ्रीझरमध्येच फिरवतो आणि थोडी हवा एका वाटेने खाली सोडतो. ही वाट किती उघडी राहील ते डॅम्पर नावाची झडप ठरवते. खालची हवा परत कॉइलकडे जायला दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीत जाळी असते. म्हणजे खालच्या कप्प्यात गार करणारं स्वतःचं काहीच नाही. वरून हवा आली तरच तो गार होतो. वर बर्फ होतोय आणि खाली गारवा नाही याचा सरळ अर्थ असा की कॉम्प्रेसर चालतोय, गॅसही निदान काही प्रमाणात आहे, आणि हवा खाली पोहोचत नाही. (काही मॉडेलांत वरची आणि खालची कॉइल वेगळी असते. तुमच्या मॉडेलच्या पार्ट-लिस्टमध्ये दोन इव्हॅपोरेटर, म्हणजे दोन कूलिंग कॉइल, दिसले तर पुढचं निदान तसंच्या तसं लागू होणार नाही.)

पॅनेलला हात लावण्याआधी दोन साध्या गोष्टी बघून घ्या. पहिली, बटणं. वर फ्रीझर असलेल्या अनेक जुन्या मॉडेलांत दोन बटणं असतात, आणि त्यांतलं एकच थर्मोस्टॅटचं असतं. दुसरं फक्त डॅम्पर उघडझाप करतं. फ्रीझरचं बटण तसं असेल आणि कुणी ते ‘सर्वांत थंड’वर नेऊन ठेवलं असेल, तर खाली जाणारी वाट जवळजवळ बंद होते. लोक खाली गारवा नाही म्हणून तेच बटण आणखी पुढे सरकवतात आणि तक्रार वाढते. दोन्ही बटणं मध्यावर आणा, चोवीस तास जाऊ द्या. दुसरी गोष्ट मोजमाप. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर रात्रभर राहू द्या. खाली ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवं, फ्रीझरमध्ये उणे १८. वर बर्फ होतो म्हणून फ्रीझर ठीक आहे असं समजू नका. बर्फ उणे ५ अंशांनाही होतो, आणि फ्रीझर उणे ५ किंवा उणे ८ वर अडकला असेल तर अडचण नुसत्या हवेच्या वाटेची नाही.

आता पॅनेल. माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच पायरी सगळ्यात जास्त सांगून जाते. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लगच काढायचा. फ्रीझर रिकामा करा, फळी आणि बर्फाचा ट्रे काढा. पॅनेलचे स्क्रू बरेचदा छोट्या प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली लपलेले असतात. पॅनेल बर्फाने चिकटून बसलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. मागची कॉइल ॲल्युमिनियमची असते. एक टोचा लागला की दुरुस्त होण्याजोगा फ्रीज हातचा जातो. पॅनेल चिकटलंय हे मात्र निदानातलं अर्धं उत्तर आहे: आत बर्फ साचतोय.

पॅनेल निघालं तर कॉइलवरचा बर्फ कसा आहे ते नीट पाहा आणि फोटो काढा. या फोटोतून बहुतेक वाद मिटतात. संपूर्ण कॉइल या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड पांढऱ्या बर्फाने भरली असेल, पत्र्याच्या पात्या दिसतच नसतील, तर डिफ्रॉस्ट, म्हणजे फ्रीजने स्वतःच अधूनमधून हा बर्फ वितळवणं, होत नाही. इथे गॅसला दोष देता येत नाही, कारण गॅस कमी असता तर शेवटपर्यंत बर्फ धरलाच नसता. उलट कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वळणांवरच बर्फ आणि पुढची नळी कोरडी असेल, तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (गॅस कॉइलकडे नेणारी बारीक नळी) चोक झाली आहे. सगळीकडे पातळ, सारखा पांढरा थर असेल आणि पात्या स्पष्ट दिसत असतील, तर कॉइल तिचं काम करते आहे. मग पंखा, डॅम्पर आणि हवेची वाट बघा. आणि कॉइलच्या तळाशी काचेसारखा घट्ट, पारदर्शक बर्फ असेल तर डिफ्रॉस्ट होतंय, पण वितळलेलं पाणी ड्रेनमधून (पाणी बाहेर नेणाऱ्या नळीतून) खाली जात नाही.

वर्णनावरून मला तुमच्याकडे पहिला प्रकार असावा असं वाटतं. पण माझ्या वाटण्यावर पार्ट मागवू नका. त्यासाठी बिनखर्चाची एक चाचणी आहे. फ्रीज पूर्ण बंद करा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जाड फडकी अंथरा आणि बर्फ आपोआप पूर्ण वितळू द्या. बर्फ जाड असेल तर एक दिवस पुरत नाही, दीड-दोन दिवस लागतात. घाई असेल तर गरम पाण्याचं भांडं आत ठेवा आणि पाणी बदलत राहा. नंतर फ्रीज चालू करा. दोन्ही कप्पे व्यवस्थित गार झाले, काही दिवस छान चालले आणि मग खालचा कप्पा पुन्हा हळूहळू कोमट झाला, तर डिफ्रॉस्टचा दोष जवळजवळ सिद्ध झाला. गॅस कमी असलेला फ्रीज बर्फ वितळवल्याने सुधारत नाही. गॅस भरायला सांगणाऱ्या कुणालाही या चाचणीचा निकाल आधी सांगा. गॅस वापरून संपणारी वस्तू नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

डिफ्रॉस्टचा दोष ठरला, तरी ‘टायमर गेला’ हे अजून ठरलेलं नाही. दार उघडलं की बाहेरच्या हवेतला ओलावा आत येतो आणि कॉइलवर गोठतो. म्हणून ठरावीक काळाने कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर साधारण वीस-तीस मिनिटं चालतो, बर्फ वितळतो आणि पाणी नळीतून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाऊन तिथल्या उष्णतेने वाफ होऊन उडून जातं. टायमर किंवा बोर्ड हीटरला वीज देतो. मधल्या वायरीत बायमेटल थर्मोस्टॅट असतो, जो कॉइल पुरेशी तापली की हीटर बंद करतो. बऱ्याच मॉडेलांत त्याच रांगेत एक थर्मल फ्यूजही (फार तापलं की कायमचा उडणारा) असतो. चौघांपैकी एकानेही दगा दिला की बर्फ साचतो आणि बाहेरून चारही दोष अगदी सारखे दिसतात. साधा मल्टीमीटर असेल तर चौघांना वेगळं काढता येतं. प्रत्येक मोजणी प्लग काढून आणि त्या पार्टचं कनेक्टर सोडवून करायची.

हीटरवर वॅट आणि व्होल्ट छापलेले असतात. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट केलं की ओहममध्ये रोध निघतो. २३० व्होल्टचा १५० वॅटचा हीटर साधारण ३५० ओहम दाखवेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटरची तार तुटलेली आहे. काचेच्या नळीचा हीटर असेल आणि काच आतून काळवंडलेली किंवा तडकलेली दिसत असेल, तर तो चालू असला तरी बदला.

बायमेटलची तपासणी मात्र अनेकदा चुकते, आणि चांगला पार्ट कचऱ्यात जातो. हा पार्ट थंडीत जोडला जातो आणि उबेत उघडतो. खोलीच्या तापमानाला मीटर ‘ओपन’ दाखवणं हे त्याचं बरोबर वागणं आहे. त्याला तासभर चालत्या फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढून लगेच मोजा. थंड असताना कंटिन्युइटी (जोडणी सलग असल्याची मीटरची खूण) आली आणि हातात धरून कोमट झाल्यावर गेली, तर तो उत्तम आहे. थंड असतानाही येत नसेल तर गेला. उबेतही जुळलेलाच राहत असेल तरी गेला, कारण मग हीटर वेळेत थांबत नाही आणि शेवटी थर्मल फ्यूज उडतो. थर्मल फ्यूजचं उलट आहे: तो खोलीच्या तापमानालाही जोडलेलाच दिसायला हवा. उडालेला फ्यूज वायर जोडून कधीही बायपास करू नका. प्लॅस्टिक आणि फोमने भरलेल्या बंद डब्यात हीटरवरचं ते शेवटचं संरक्षण आहे. फ्यूज का उडाला हे शोधल्याशिवाय नवा फ्यूज बसवण्यातही अर्थ नाही.

टायमरच्या फिरणाऱ्या दांड्यावर पेन्सिलने खूण करा आणि फ्रीज काही तास चालू द्या. खूण सरकली नाही तर टायमरची मोटर अडकली आहे. सरकत असेल, तर दांडा स्क्रू-ड्रायव्हरने बाणाच्या दिशेने, सावकाश, ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवा. उलटा कधीच फिरवायचा नाही. कॉम्प्रेसर थांबायला हवा आणि काही मिनिटांत कॉइलखालून ऊब जाणवायला हवी. ही चाचणी कॉइल थंड असतानाच करा, नाहीतर बायमेटल उघडा असल्याने हीटर लागणारच नाही आणि तुम्ही भलत्याच पार्टला दोष द्याल. टायमर डिफ्रॉस्टमध्येच अडकला तर दिवा लागतो पण फ्रीज पूर्ण मेल्यासारखा वाटतो. अशा फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला असं समजून लोक तो मोडीत काढायला निघतात.

बोर्ड असलेल्या मॉडेलात टायमरच नसतो. तिथे कॉइलवरचा सेन्सर महत्त्वाचा. खोलीच्या तापमानाला तो किती ओहम दाखवतो ते मोजा, मग बर्फाच्या पाण्यात बुडवून पुन्हा मोजा. आकडा सलगपणे वाढत अडीच-तीन पटींच्या आसपास गेला तर सेन्सर बहुधा ठीक. आकडा उड्या मारत असेल किंवा जागचा हलत नसेल तर तो बदला. बोर्डवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. तो सर्वांत महागडा पार्ट असतो आणि बरेचदा विनाकारण बदलला जातो.

पंख्याबद्दल थोडंच. अनेक फ्रीजमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो, त्यामुळे दाराचा स्विच बोटाने दाबून ऐका. घरघर किंवा खरखर येत असेल तर पाती बर्फाला घासत असेल. पंखा बदलण्याआधी बर्फ वितळवून पाहा. डॅम्परमध्येही बर्फ अडकतो आणि तोही वितळवल्यावर बरेचदा सुटतो.

आता तुम्ही मूळ विचारलेलं, म्हणजे पार्ट मिळवणं. ‘मॉडेल बंद झालं’ याचा अर्थ पार्ट बंद झाले असा नसतो. एकच टायमर, एकच बायमेटल, एकच पंख्याची मोटर कित्येक मॉडेलांत आणि बरेचदा वेगवेगळ्या ब्रँडांतही वापरलेली असते, कारण फ्रीज बनवणारे हे छोटे पार्ट बाहेरच्या उत्पादकांकडून घेतात. म्हणून दोन नंबर हाताशी ठेवा. पहिला फ्रीजच्या प्लेटवरचा पूर्ण मॉडेल नंबर. ही प्लेट खालच्या कप्प्याच्या आतल्या भिंतीवर, सर्वांत खालच्या खणाच्या मागे किंवा मागच्या बाजूला कॉम्प्रेसरजवळ असते. नंबर तिरक्या रेघेनंतरच्या अक्षरांसकट लिहून घ्या. दाराच्या स्टिकरवरचं विक्रीचं नाव उपयोगाचं नाही. शेवटची दोन अक्षरं वेगळी असलेल्या दोन फ्रीजमध्ये एकात टायमर आणि दुसऱ्यात बोर्ड निघू शकतो. दुसरा नंबर पार्टवर छापलेला. जुना नंबर बंद होऊन त्याच पार्टला नवा नंबर मिळालेला असतो, असं फार वेळा होतं, त्यामुळे विक्रेत्याला ‘या नंबरचा बदली नंबर कोणता’ असं स्पष्ट विचारा. कंपनीची सुट्या भागांची आकृती मिळाली तर त्यात प्रत्येक पार्टला क्रमांक दिलेला असतो. काही मॉडेलांत वायरिंगचा कागद घडी करून कॉम्प्रेसरच्या झाकणाजवळ किंवा पुढच्या तळजाळीमागे ठेवलेला असतो. तो सापडला तर फोटो काढून परत तिथेच ठेवा.

नंबर कुठेच जुळत नसेल तर गुण जुळवा. बायमेटलवर उघडण्याचं तापमान छापलेलं असतं, ते तेच हवं. पंख्याच्या मोटरचे व्होल्ट, एसी की डीसी, दांड्याची जाडी आणि फिरण्याची दिशा जुळायला हवी. दिशा उलटी असेल तर पंखा फिरेल पण हवा नीट जाणार नाही. टायमर दिसायला सगळे सारखेच असतात, पण आतली जोडणी वेगळी असते. काहींची मोटर सतत चालते, काहींची फक्त कॉम्प्रेसर चालू असेल तेवढाच वेळ. दिसण्यावरून टायमर घेऊ नका, त्यावरची वायरिंगची आकृती जुन्याशी ताडून पाहा. दूरच्या विक्रेत्याकडून मागवताना व्होल्टेज हमखास तपासा. ११५ व्होल्टचा हीटर २३० व्होल्टवर लावला तर तो चौपट वॅट ओढतो आणि घरात आगीचा धोका उभा राहतो.

हीटर, फ्यूज, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला की वीज तोडणारा) आणि रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा) हे चार पार्ट मी नेहमी नवे आणि मूळ नंबरचेच बसवतो. फळ्या, खण, बिजागरी, हँडल, दिव्याचं झाकण यांच्यासाठी मात्र मोडीत निघालेला त्याच मॉडेलचा फ्रीज हा सर्वांत चांगला स्रोत आहे. जुनी प्लॅस्टिकची वस्तू थोडी पिवळी पडली तरी तिच्या जागी चपखल बसते, आणि एखादा उपयोगी भाग कचऱ्यातून वाचतो याचा मला दर वेळी खरोखर आनंद होतो. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमात थर्मोस्टॅट, सेन्सर, सर्किट बोर्ड, बिजागऱ्या आणि ट्रे यांच्यासाठी किमान ७ वर्षं आणि दाराच्या रबरासाठी किमान १० वर्षं पार्ट पुरवण्याची अट आहे. हा काळ त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून मोजतात. इतर ठिकाणच्या जुन्या मॉडेलांना तो लागू नाही, पण साधारण कोणते पार्ट किती वर्षं मिळावेत याचा त्यातून अंदाज येतो.

बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: गॅस कोणता आहे. कॉम्प्रेसरवर आर-६००ए आणि ज्वालेचं चिन्ह असेल तर आत आयसोब्युटेन आहे. तो ज्वलनशील आहे. प्रमाण थोडं असतं, घरगुती फ्रीजमध्ये बहुधा १०० ग्रॅमच्या आत, पण तेवढा गॅस बंद कप्प्यात साचला तर धोका आहे. आयसोब्युटेन सुमारे ४६० अंशांना आपोआप पेटतो, म्हणून अशा फ्रीजचा हीटर पृष्ठभागाचं तापमान त्याच्या बरंच खाली राहील असा बनवलेला असतो. नुसता मापाला बसतो म्हणून दुसरा हीटर लावू नका. गळतीचा संशय असेल तर खिडक्या उघडा. हेअर ड्रायर, ठिणगी पडेल असं काहीही फ्रीजजवळ नको. नळी कापणं, ब्रेझिंग (धातू वितळवून नळ्या जोडणं), व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा काढणं), गॅस चार्जिंग ही कामं कोणत्याही गॅसच्या फ्रीजवर घरी करायची नाहीत. ती शिकलेल्या आणि साहित्य असलेल्या माणसाची कामं आहेत.

तुमच्याकडे आज नसलेला, पण कधीतरी येईल असा आणखी एक दोष सांगतो. कॉम्प्रेसर काही सेकंद गुणगुणतो, ‘टक्’ होऊन थांबतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. साध्या कॉम्प्रेसरवर हे बहुधा बिघडलेल्या पीटीसी रिलेचं (आत गोळी असलेल्या, कॉम्प्रेसर सुरू करणाऱ्या रिलेचं) लक्षण असतं. रिले काढून कानाजवळ हलवा. आत काही खडखडलं तर गोळी फुटली आहे. हे कॉम्प्रेसर बदलण्याआधी नक्की बघायचं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला असा रिले नसतो, तो बोर्डवरून चालतो. त्याला थेट वीज देऊन ‘चालतो का’ असं कधीही पाहू नका, तो तिथल्या तिथे जळतो.

दाराचं रबर हा सगळ्यात जास्त बदलला जाणारा आणि बरेचदा बदलण्याची गरज नसलेला पार्ट. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी हलकी पकड जाणवली पाहिजे. एका कोपऱ्यात पकड नसेल तर आधी रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, खाचेतली घाण काढा, मग ती जागा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून बोटांनी आकारात आणा. वरचा कोपरा उघडा आणि खालचा घट्ट असेल तर दार झुकलेलं असतं, तिथे बिजागरी सरळ करा. रबर फाटलं किंवा कडक झालं असेल तरच नवं घ्या, आणि माप एकटं पुरत नाही: खाचेत बसणाऱ्या मागच्या पट्टीचा आकार जुळला पाहिजे. घडी होऊन आलेलं नवं रबर कोमट पाण्यात ठेवून सरळ करा आणि मगच बसवा.

देखभाल फार मोठी नाही. मागची किंवा तळाची कंडेन्सर जाळी (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची) वर्षातून दोनदा प्लग काढून मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा; घरात केसाळ प्राणी असतील तर जास्त वेळा. मागे जाळी दिसतच नसेल तर त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून बाजू गरम लागतात. तो दोष नाही, पण तिथे हवेला जागा सोडा आणि त्या पत्र्यात कधीही स्क्रू मारू नका. फ्रीझरच्या दाराभोवतीची चौकट कोमट लागते तीही दव जमू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय असते. ड्रेनच्या भोकात अधूनमधून पिचकारीने कोमट पाणी सोडा आणि ते खालच्या ट्रेमध्ये उतरतंय का पाहा. नळीच्या टोकाशी रबरी तोंड असेल तर घाण तिथेच अडकते. आतल्या हवेच्या जाळ्यांसमोर डबे लावू नका. फ्रीजची पुढची बाजू किंचित उचललेली ठेवा, म्हणजे दार आपोआप मिटतं. वीज गेली तर परत आल्यावर निदान पाच मिनिटांनी फ्रीज चालू करा, म्हणजे नळ्यांमधला दाब समान होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. फ्रीज कुठे ठेवला आहे हेही बघा: प्लेटवर हवामान-वर्ग लिहिलेला असतो, ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. खोली त्याहून गरम राहत असेल तर चांगला फ्रीजही मागे पडतो. खोली फार गार असेल तर खालचा थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला चालूच करत नाही आणि फ्रीझर वितळतो.

राहिला प्रश्न बारा वर्षांच्या फ्रीजवर खर्च करावा का. हीटर, बायमेटल, फ्यूज, टायमर, पंखा, सेन्सर, रिले, रबर यांपैकी काहीही निघालं तर मी बेलाशक दुरुस्ती करेन, वय काहीही असो. कॉम्प्रेसर गेला असेल, तर पत्रा गंजलेला नाही ना आणि दारं घट्ट आहेत ना हे बघून ठरवेन. गळती फोमच्या आत, भिंतीतल्या नळीत असेल तर मात्र पैसे घालू नका. ती जागा उघडता येत नाही आणि वरवरचे उपाय टिकत नाहीत. तुमच्या वर्णनात या शेवटच्या प्रकाराचं एकही लक्षण मला दिसत नाही. पॅनेल उघडून कॉइलचा फोटो आणि प्लेटवरचा पूर्ण नंबर पाठवलात, तर बायमेटल कोणत्या तापमानाचं लागेल आणि टायमर खरंच बदलायचा आहे का, हे मी नेमकं सांगू शकेन.